तक्रार: कार्बन चाकाची रिम फुगली, वॉरंटी नाकारली, पैसे परत हवेत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जानेवारीत घेतलेल्या, ५० एमएम उंच रिमच्या कार्बन चाकांबद्दल तक्रार

नमस्कार,

ऑर्डर नंबर, बिल, फोटो आणि तुमच्या चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. याआधी मी ३ ईमेल केले आणि प्रत्येक वेळी मला तीच दोन ओळींची उत्तरं आली, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितेय, कृपया कोणीतरी माणसाने पूर्ण वाचा.

मी पुण्यात कोथरूडला राहते, हिंजवडीला नोकरी करते आणि आठवड्यातले ४ दिवस सायकलने जाते, एका बाजूने १७ किलोमीटर. रविवारी सिंहगड किंवा मुळशी रोड. रेस कधी केली नाही, करायचीही नाही. माझी सायकल २०१७ ची आहे, रिम ब्रेकवाली, म्हणजे ब्रेकचे पॅड थेट चाकाच्या रिमच्या कडेवर दाबतात. जानेवारीत तुमच्या साइटवर ही चाकं बघितली, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की रोज चालवणाऱ्यांसाठीही योग्य, सर्व ऋतूंत भरवशाचा ब्रेक, बॉक्समधून काढा आणि चालवा. ६४,००० रुपये दिले. माझ्यासाठी ही मोठी रक्कम आहे, वर्षभर बाजूला टाकत गेले होते.

आधी चांगलं काय ते सांगते, कारण मला उगाच नावं ठेवायची नाहीत. चाकं सुंदर आहेत. बावधनच्या पुढे मुळशी रोडला सकाळी मोकळा रस्ता मिळाला आणि वेग एकदा ३० च्या वर गेला की तो टिकतो, जुन्या चाकांवर जिथे सायकल पायातून निसटून मंद व्हायची तिथे ही चालत राहते, हे मला पहिल्याच दिवशी जाणवलं आणि खरंच खूप आनंद झाला. फेब्रुवारीत २०० किलोमीटरची बीआरएम केली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, मर्यादा साडेतेरा तासांची असते, मी बऱ्यापैकी आधी पोचले आणि शेवटच्या सपाट पट्ट्यात पाय नेहमीपेक्षा ताजे होते. आणि १० महिन्यांत एवढे खड्डे खाऊनही चाक आऊट, म्हणजे वाकडं झालं नाही, जुन्या अल्युमिनियमच्या चाकांचा आऊट मी दर २-३ महिन्यांनी काढून घ्यायचे. हे सगळं खरं आहे.

पण तुमच्या पानावर हवा कापताना १२ वॉट ताकद वाचण्याचा जो फायदा लिहिलाय तो ताशी ४५ किलोमीटरला आहे, आणि हे ४५ खाली बारीक अक्षरात. हवेचा सामना करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग निम्मा केला की ती एक अष्टमांश होते. माझा ऑफिसला जातानाचा सरासरी वेग २२ च्या आसपास आहे. म्हणजे ते १२ वॉट माझ्याकडे येईपर्यंत दीड वॉट राहतात. तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं की उलट हळू चालवणाऱ्यालाच जास्त वेळ वाचतो कारण तो रस्त्यावर जास्त वेळ असतो. मोकळ्या रस्त्यावर ते गणित चूक नाहीये, बीआरएममध्ये मी ते अनुभवलंय. पण माझ्या १७ किलोमीटरमध्ये १४ सिग्नल आहेत, स्पीड ब्रेकर मी मोजलेले नाहीत, आणि दर सिग्नलला थांबून परत वेग घ्यायला लागतो तिथे हवा कापण्याचा काही संबंधच येत नाही. तिथे वजन उपयोगी पडेल म्हणाल तर जुन्या चाकांपेक्षा ही २५० ग्रॅम हलकी आहेत, आणि मी, सायकल, बॅग मिळून ७२ किलो. हवेचा बहुतेक अडथळा चालवणाऱ्याच्या अंगाचाच असतो हेही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. मी ऑफिसला एक मिनिटही लवकर पोचत नाहीये, आणि ही माझी तक्रार नाहीये, ते माझं मी समजून घेतलं असतं. तक्रार आहे ती ज्या गोष्टी तुम्ही लिहिल्याच नाहीत त्यांची.

पहिली गोष्ट वारा. वारजे ते वाकड बायपास साधारण उत्तर-दक्षिण आहे आणि जून-जुलैमध्ये वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे अख्खा रस्ता तो बाजूने मारतो. ५० एमएमची पुढची रिम म्हणजे छोटं शीडच आहे. वारा सलग असला तर हात सरावतो, पण शेजारून ट्रक गेला की वारा एकदम अडतो आणि ट्रक पुढे गेला की एकदम परत आदळतो, आणि हँडल स्वतःहून वळतं. माझं वजन ५८ किलो आहे, हलक्या माणसाला हे जास्त त्रासाचं. जुलैमध्ये सूसच्या पुलाजवळ मी अशीच लेनच्या आत दीड-दोन फूट ढकलली गेले, मागचा टेम्पोवाला सावध होता म्हणून आज हे पत्र लिहितेय. त्यानंतर पावसाळाभर जोराचा वारा असला की मी पुढे जुनं चाक लावत होते. पुढे कमी उंचीची रिम आणि मागे जास्त उंचीची अशी जोडी मिळते, कारण मागचं चाक हँडलवर परिणाम करत नाही. हे पानावर एका ओळीत लिहिलं असतं तर मी पुढे ३० एमएमचं घेतलं असतं.

दुसरी, छोटी पण त्रासाची. रिम ५० एमएम उंच म्हणजे ट्यूबचा व्हॉल्व त्याहून लांब लागतो, ७०-८० एमएमचा. माझ्या स्पेअर ट्यूबचा होता ४८. बाणेरला पंक्चर झाल्यावर रस्त्यात मला हे कळलं, व्हॉल्व रिमच्या बाहेरच येईना, पंक्चरवाल्याकडे असली ट्यूब असण्याचा प्रश्नच नव्हता, शेवटी रिक्षात सायकल आडवी घालून ऑफिस गाठलं. रेसमध्ये मागे गाडी असते, मेकॅनिक असतो, अख्खं चाक बदलून मिळतं. आम्हाला रस्त्यावरचा पंक्चरवाला असतो.

आता मुख्य मुद्दा, ब्रेक.

बॉक्समध्ये ब्रेक पॅड नव्हते. मी त्याच दिवशी तुमच्या चॅटवर विचारलं की माझे जुने पॅड चालतील का, आणि तुमच्या प्रतिनिधीने स्पष्ट लिहिलंय की हो मॅडम, कोणतेही स्टँडर्ड पॅड चालतील. स्क्रीनशॉट क्रमांक २ बघा, तारीख वेळ सगळं दिसतंय. म्हणून मी तेच जुने पॅड लावले. हे उत्तर साफ चुकीचं होतं आणि धोक्याचं होतं. कार्बनच्या रिमला वेगळे पॅड लागतात, आणि अल्युमिनियमवर वापरलेल्या जुन्या पॅडमध्ये धातूचे कण रुतलेले असतात ते कार्बनला ओरखडतात. हे मला नंतर कळलं, तुम्हाला आधीपासून माहीत असायला पाहिजे होतं.

पावसात तर ब्रेक दाबल्यावर पहिली दोन-तीन चक्रं काही होतच नाही आणि मग अचानक पकडतो. चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना मला दोनदा हे झालं. मी समजत राहिले की माझीच सवय व्हायचीये.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी सिंहगडावरून उतरत होते. ऊन कडक, वर येणाऱ्या गाड्यांची रांग, वेग १५-२० च्या वर जाऊच शकत नव्हता, म्हणजे सगळा उतार ब्रेकवर. अर्ध्यात आल्यावर पुढचा ब्रेक धकधक करायला लागला, चाकाच्या प्रत्येक चक्राला एक झटका. थांबून हात लावला तर रिमच्या कडेला अंगठ्याला कळेल असा फुगवटा. मी टायरमधली हवा कमी केली, कारण आतून टायर त्या नरम कडेला बाहेर ढकलतच असतो, आणि उरलेला घाट सायकल हातात धरून चालत उतरले. पुढचं चाक ब्रेकच्या जागीच दगा देतंय आणि बाजूला दरी, तेव्हा काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही.

कोथरूडला ज्यांच्याकडे मी १५ वर्षं सायकल देते त्या मेकॅनिक काकांनी व्हर्नियर लावून मोजलं, फुगलेल्या जागी रिम ०.८ एमएम जास्त रुंद आहे. मग नाणं वाजवत पूर्ण रिम फिरले, सगळीकडे टणटण आणि त्या जागी भद्द आवाज. म्हणाले, ताई, आतले थर सुटलेत, हे चाक घालून परत घाटात जाऊ नका. व्हिडिओ जोडलाय.

यावर तुमचं उत्तर काय, तर अयोग्य ब्रेक पॅड आणि अतिउष्णता यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पॅड तुमच्याच माणसाने चालतील सांगितले. आणि अतिउष्णता म्हणजे मी काय वेगळं केलं? घाट उतरले. पायथ्याच्या गोळेवाडीपासून गडापर्यंत साधारण ६०० मीटरची चढण आहे. मी आणि सायकल मिळून त्या दिवशी ६९ किलो. एवढं वजन एवढं खाली आणताना ४ लाख ज्यूल ऊर्जा निघते, सव्वा लिटर गार पाण्याला उकळी येईल एवढी, आणि कमी वेगात हवा त्यातलं फारसं घेत नाही, बहुतेक सगळी दोन रिमच्या कडांवर जाते. अल्युमिनियम ती उष्णता पसरवून बाहेर टाकतं. कार्बन टाकत नाही, ती ब्रेकच्या पट्टीवरच साठते आणि धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन नरम पडतं. यात माझा निष्काळजीपणा कुठे आहे, हा त्या मालाचा गुणधर्म आहे आणि तो विकणाऱ्याने सांगायचा असतो. पुण्यातला कुठलाही सायकलवाला सिंहगडाला जातो, बोपदेवला जातो, कात्रजला जातो. जी चाकं घाटातून हळू उतरायला चालत नाहीत ती या शहरात रोजच्या वापराची म्हणून विकू नका.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलंय. २०१८ मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला परवानगी दिली आणि आता मोठ्या रेसमधले जवळपास सगळे डिस्कवर आहेत. डिस्कमध्ये पॅड रिमवर नाही तर चाकाच्या मध्यावरच्या वेगळ्या चकतीवर दाबतात, त्यामुळे रिमला उष्णतेचा हा प्रश्नच राहत नाही. म्हणजे रिम ब्रेकची कार्बन चाकं आता घेणार कोण, तर आमच्यासारखे जुन्या सायकलवाले, ज्यांना नवीन सायकल परवडत नाही म्हणून निदान चाकं तरी चांगली घेऊ असं वाटतं. ज्यांच्यामागे ना टीम आहे ना मेकॅनिक, त्यांनाच हा माल विकताना तुम्ही सगळ्यात कमी माहिती देताय.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही चाकांचे पूर्ण ६४,००० रुपये परत द्या, नवीन तशीच रिम बदलून नकोय, मी ती घाटात वापरू शकणार नाही. तुमच्या पानावरून सर्व ऋतूंत भरवशाचा ब्रेक हे वाक्य आजच काढा, आणि कार्बनचे पॅड, लांब व्हॉल्व, बाजूचा वारा आणि लांब उतार या चार गोष्टी किमतीच्या शेजारी, वाचता येतील अशा अक्षरात लिहा, पॅड बॉक्समध्येच द्या. आणि चॅटवर बसणाऱ्यांना पॅडचं नीट शिकवा, मला आलं तसं उत्तर अजून किती जणांना गेलंय ते शोधून त्यांना कळवा, हे पैशांपेक्षा आधी करा कारण कोणीतरी या रविवारीसुद्धा ते जुने पॅड लावून घाट उतरणार आहे.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. माझ्या पहिल्या ईमेलला आज २३ दिवस झाले. महिना पूर्ण झाला की मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा त्यात असेल.

दोन्ही चाकं तुमच्याच खोक्यात पॅक करून ठेवलीत. पिकअप शनिवारी सकाळी ११ नंतर पाठवा, बाकी दिवशी मी घरी नसते. पुढच्या चाकाच्या फुगलेल्या जागी काकांनी पांढरी चिकटपट्टी लावलीय, तपासणाऱ्याने ती काढून बघावं आणि जे दिसेल ते मला लेखी कळवावं.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे