चित्राशेजारी चार ओळी, आपल्या भाषेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी बेळगाव शहरातील एका खासगी कलादालनात पाच तरुण चित्रकारांचे प्रदर्शन पाहिले. कलाकृती चांगल्या होत्या, एकदोन तर फारच चांगल्या; माझी तक्रार त्यांच्या शेजारच्या कोऱ्या भिंतीबद्दल आहे.

आत शिरताच समोर एका लाकडी चौकटीत यंत्रमागाच्या रिकाम्या कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) ओळीने बसवलेल्या होत्या. काही कांड्यांवर मोरपंखी सुताचा शेवटचा वेढा तसाच राहिला होता, आणि मधोमध एक झिजलेला धोटा, म्हणजे मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, होता. माझ्यासोबत माझे मामा होते, ज्यांचा वडगावात माग चालवण्यात जन्म गेला. ते तिथून हलेनात. "एकाच अंगाने झिजलाय, पेटीला घासत असणार," असे म्हणून त्यांनी तिथल्या मुलाला विचारले, हे कुणी केले आणि कुठल्या मागावरचे आहे? भिंतीवर 7 हा आकडा तेवढा होता. "घ्यायचं आहे का?" असे आधी विचारून मग त्या मुलाने खणातून यादी काढली. ती इंग्रजीत होती आणि सातव्या क्रमांकापुढे लिहिले होते : 'अनटायटल्ड, मिक्स्ड मीडिया', म्हणजे 'शीर्षक नाही, मिश्र माध्यम'. मामांना अर्थ सांगितला, तेव्हा ते नुसते हसले.

मुंबईच्या जहांगीर कलादालनासारख्या, 1952 पासून चालत आलेल्या संस्थेत चित्रकार भाडे भरून दालन घेतो आणि बहुधा आठवडाभर स्वतः चित्रांपाशी बसतो. विचारणाऱ्याला उत्तर मिळते. व्यावसायिक दालनाचे तसे नसते. तिथे निवड, मांडणी आणि विक्री दालनच करते आणि त्यापोटी साधारणपणे किमतीच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत वाटा घेते. तो घेण्यास माझी हरकत नाही, कारण गिऱ्हाईक शोधणे हे सोपे काम नव्हे. पण चित्रकार हजर नसताना त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारीही त्या वाट्यातच येते. नाव, वर्ष, माध्यम, आकार आणि किंमत एवढे तरी भिंतीवर असावे, आणि ते मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावे. किंमत लपवल्याने चित्राची प्रतिष्ठा वाढते असा काही दालनांचा समज दिसतो. प्रत्यक्षात त्यामुळे नवखा गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतो.

चित्रकार आणि कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी यांनी याच गावात पुढे नामवंत चित्रकार झालेल्या रवी परांजपे यांच्यासारखे विद्यार्थी घडवले. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र पाहण्याची नजर आम्हाला त्या परंपरेने दिली, आणि खरे सांगायचे तर 'हुबेहूब आहे की नाही' एवढेच विचारण्याची खोडही त्यातूनच लागली. कांड्यांच्या चौकटीपुढे तो प्रश्न चालत नाही. मामांनी तो विचारलाही नाही. दुसरा, अधिक नेमका प्रश्न त्यांच्याकडे होता आणि त्याचे उत्तर चित्रकाराकडे नक्की असणार; या दोघांची गाठ घालून देण्याचे काम तेवढे राहून गेले.

प्रदर्शन अजून काही दिवस आहे. दालनाची तयारी असेल तर मराठी मजकूर मी विनामूल्य लिहून देईन; आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका कन्नड मजकूर पाहून देण्यास तयार आहेत. सातव्या क्रमांकापासून सुरुवात करावी, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव