डोळ्यात फूल का पडतं?

महोदय,

नेत्रदान पंधरवड्यानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात कोलॅजेन या धाग्यांसारख्या प्रथिनाला कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाची, 'वीट' म्हटलं आहे. मीही ३१ वर्षं वर्गात हेच शिकवलं. पण आमच्या घरातले दोन डोळे पाहिल्यापासून ते मला अपुरं वाटतं.

नातवाचं नख माझ्या डोळ्याला लागलं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी नारिंगी थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. समोरच्या स्क्रीनवर केसाएवढा ओरखडा हिरवागार चमकत होता. "वरवरचं आहे, खूण राहणार नाही," म्हणाले. तिसऱ्या दिवशी डोळा लख्ख!

धाकट्या दिरांना ऊस तोडताना पात लागली. त्यांनी मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणून चार दिवस घातले. थेंबांत प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड, जखमेत बुरशी. तिला मोकळं रान मिळालं. पुढे औषधाने बुरशी गेली, पण बुबुळाच्या ऐन मध्यावर फूल, म्हणजे पांढरट डाग, राहिलं. आता त्या डोळ्याने त्यांना समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही.

कॉर्नियाच्या वरच्या पेशींखाली लॅमिनिन, पर्लेकन अशा प्रथिनांनी विणलेला एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. पेशी त्यावर उभ्या असतात हे खरंच, पण तो राखणही करतो. जखम झाली की वरच्या पेशींकडून आणि अश्रूंतून टीजीएफ-बीटा हा वाढीचा निरोप येतो. पापुद्रा शाबूत असला तर निरोप बराचसा वरच अडतो. माझं तेच झालं. पापुद्रा फाटला आणि भरून आला नाही, तर निरोप खाली झिरपत राहतो; तिथल्या शांत, पारदर्शक पेशींचं रूप पालटतं, त्या वेडंवाकडं कोलॅजेन टाकतात आणि बुबुळ धुरकटतं. खालच्या थरातलं डेकोरिनही असंच. कोलॅजेनच्या धाग्यांना धरून राहणारं हे प्रथिन टीजीएफ-बीटालाही धरून ठेवतं, हे १९९० सालीच दाखवलं गेलं. मी मात्र मुलांना विटाच सांगत राहिले, याची चुटपुट लागून आहे.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास तोडणी सुरू होते. त्याआधी आपण ठळक चौकट छापावी: डोळ्याला पात लागली तर चोळू नका, मनाने थेंब घालू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. कात्रण मी स्वतः तोडकऱ्यांच्या खोपटांत वाचून दाखवीन.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, ता. वाळवा, जि. सांगली