सणाच्या जेवणाआधी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

सणाला माझ्या मैत्रिणीकडच्या सगळ्यांना तुम्ही जेवायला बोलावलंत, तिला फार बरं वाटलं. तिच्या मुलाला शेंगदाण्याची आणि मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे हे सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "त्यांचं वेगळं काढून ठेवीन." त्यावरच लिहितेय.

नुसतं वेगळं काढून भागत नाही गं. शेंगदाण्यातला चमचा चुकून दुसऱ्या पातेल्यात गेला, की ते पातेलंही त्या मुलासाठी बाद. भाजून, उकळून धोका जात नाही. शेंगदाणे तळलेलं तेलही त्याला चालत नाही. म्हणून त्या दिवशी शेंगदाणा घरात नकोच. दूध बंद करणं काही जमणार नाही (बाबांचा चहा!), तेव्हा मुलीचं जेवण आधी कर, स्वच्छ घासलेल्या भांड्यांत, आणि झाकून ठेव. दुधाचे पदार्थ मागाहून. तूपही दुधातच धर, त्यात दुधाचा अंश राहतो. आणि हात साबणानं धुवायचे. सॅनिटायझरनं शेंगदाण्याचा अंश निघत नाही.

बाबा, तुम्हाला एकच सांगणं: आग्रह नको. "एक घास खा, काही होत नाही" हे मोठ्यांना ठीक आहे. दूध न पचणं वेगळं, त्यात पोट बिघडतं. इथे एका घासानंही जिवावर बेतू शकतं. मुलं नको म्हणाली की विषय संपला.

विकत आणलेल्या कशाचंही पाकीट फेकू नका, मैत्रीण वाचून बघेल. नेहमीच्या पाकिटावरचंही ती दरवेळी वाचते, कारण कंपन्या घटक बदलतात.

ती इंजेक्शनचं पेन (अ‍ॅलर्जीचा जोराचा झटका आला तर लगेच टोचायचं अ‍ॅड्रेनॅलिनचं तयार इंजेक्शन) बरोबर आणेल. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही. पेन लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरूनही चालतं. मग रुग्णवाहिका. मुलाला आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर बसवायचं, पण चालवायचं नाही. तेवढ्यात बरं वाटलं तरी दवाखाना टाळायचा नाही. काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो. पेन कुठे ठेवलंय ते आल्याआल्या विचारून घ्या.

आई, काय काय करणार आहेस ते घटकांसकट मला कळव. मी तिला आधीच पाठवते. लोकांकडे जेवायला गेलं की प्रत्येक पदार्थाला "यात काय घातलंय?" असं विचारताना ती अवघडते.

तुमची लेक