लांब उडीचे सहाही प्रयत्न छापावेत

संपादक महोदय,

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील पुरुषांच्या लांब उडीचा निकाल आपल्याकडच्या क्रीडापानांवर बहुधा विजेत्याचे नाव, त्याचा देश आणि एक अंतर एवढ्यातच आटोपतो. ठाण्यात अनेक वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केलेला एक वाचक या नात्याने माझी आग्रहाची विनंती आहे, की अशा बातमीबरोबर निदान पहिल्या तिघांचे आणि आपल्या खेळाडूचे सर्व प्रयत्न, फाउलसकट, छापावेत. त्यावाचून निकाल कसा लागला हेच वाचकाला कळत नाही.

ऑगस्ट २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मुरली श्रीशंकरला लांब उडीत रौप्यपदक मिळाले. त्याची सर्वोत्तम उडी ८.०८ मीटर होती आणि सुवर्णपदक मिळवणाऱ्या बहामाच्या लाक्वान नेर्नचीही नेमकी तेवढीच. त्यानंतर मैदानावर येणारी मुले आणि त्यांचे पालक मला एकच प्रश्न विचारत होते, की अंतर सारखे असताना सुवर्णपदक दोघांना का दिले नाही. श्रीशंकरवर अन्याय झाला, अशीच अनेकांची समजूत झाली होती. अन्याय मुळीच झाला नव्हता. बरोबरी झाली की दोघांची दुसरी सर्वोत्तम उडी पाहतात. ती नेर्नची ७.९८ मीटर आणि श्रीशंकरची ७.८४ मीटर होती. त्यातच श्रीशंकरचा चौथा प्रयत्न जेमतेम एका सेंटीमीटरने फाउल ठरला. एवढे दोन-तीन आकडे बातमीत असते, तर तो प्रश्न पडलाच नसता. टोकियो ऑलिंपिकमध्येही ग्रीसचा मिल्तियादिस तेन्तोग्लू आणि क्युबाचा हुआन मिगेल एचेवारिया या दोघांची ८.४१ मीटरवर बरोबरी झाली होती. तेन्तोग्लूने ते अंतर अखेरच्या उडीत गाठले आणि दुसऱ्या सर्वोत्तम उडीच्या जोरावर सुवर्णपदक जिंकले.

फाउलचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. पूर्वी उडी घेण्याच्या फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर, म्हणजे मऊ मातीसारख्या पट्टीवर, बुटाचा ठसा उमटला तरच फाउल धरत. नोव्हेंबर २०२१पासून नियम बदलला आणि उड्डाणाच्या क्षणी बुटाचे टोक फळीच्या पुढच्या कडेच्या जराही पलीकडे गेले, मग ते जमिनीला टेकलेले असो वा नसो, तरी उडी बाद होते. दुसरीकडे, खेळाडू त्या कडेच्या १५ सेंटीमीटर अलीकडून उडाला तर ते १५ सेंटीमीटर त्याच्या पदरात पडत नाहीत, कारण मोजमाप त्या कडेपासूनच होते. चाळीस-पन्नास मीटर पूर्ण वेगाने धावत येऊन २० सेंटीमीटर रुंदीच्या फळीवर पाऊल अचूक टाकणे, हेच या खेळातले खरे कसब आहे. फळीऐवजी रुंद पट्टा ठेवून पाऊल जिथे पडेल तिथून उडी मोजण्याचा प्रयोग करण्याचे जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२४मध्ये जाहीर केले. मला तो मान्य नाही, कारण त्याने या कसबाचीच किंमत कमी होईल.

वाऱ्याच्या नोंदीचेही तसेच आहे. टोकियोत ३० ऑगस्ट १९९१ रोजी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत कार्ल लुईसने चौथ्या प्रयत्नात ८.९१ मीटर उडी मारली. बॉब बीमनच्या १९६८मधील ८.९० मीटरच्या विश्वविक्रमाहून ती एक सेंटीमीटरने अधिक होती. पण पाठीमागचा वारा सेकंदाला २.९ मीटर होता आणि विक्रमासाठी मर्यादा २ मीटरची असल्यामुळे तो विक्रम ठरला नाही, मात्र क्रमवारीत ती उडी धरली गेली. पाचव्या प्रयत्नात माइक पॉवेलने ८.९५ मीटर उडी मारून स्पर्धाही जिंकली आणि आजवर न मोडलेला विक्रमही केला. त्या दिवशी लुईसच्या चार उड्या ८.८० मीटरच्या पुढे होत्या! ‘पॉवेल ८.९५, लुईस ८.९१’ एवढेच वाचणाऱ्याच्या हाती यातले काय लागणार?

कळवा, ऐरोली, नेरूळ या भागांतून शालेय आणि जिल्हा स्पर्धांत उतरणाऱ्या मुलांसाठी हे तपशील मोलाचे आहेत. पहिला प्रयत्न फाउल झाला की बारा-तेरा वर्षांचा मुलगा बिचकतो आणि पुढच्या वेळी फळीजवळ येताच पावले आखडती घेतो. साहजिकच उडी तोकडी पडते. त्याला कितीही समजावले, तरी जगज्जेत्यांच्या रकान्यातही फाउलची खूण असते हे छापील रूपात पाहण्याचा परिणाम अधिक होतो. २०२२मध्ये युजीन येथील जागतिक स्पर्धेत चीनचा वांग जियानान अगदी अखेरच्या प्रयत्नात ८.३६ मीटर उडी मारून विजेता ठरला. याच अंतिम फेरीत श्रीशंकर ७.९६ मीटर उडीसह सातवा आला होता. पाच प्रयत्न झाल्यावरही स्पर्धा कशी फिरते, हे मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

छापील अंकात जागेची अडचण असते, याची मला जाणीव आहे. परंतु एका खेळाडूचे सहा प्रयत्न एका ओळीत मावतात, आणि हे आकडे संघटनेच्या अधिकृत निकालपत्रात त्याच दिवशी उपलब्ध होतात. छापील अंकात फक्त पदकविजेते आणि भारतीय खेळाडू घेऊन, संपूर्ण तक्ता आपल्या संकेतस्थळावर दिला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नौपाडा, ठाणे