एडिटर न सोडता कमांड चालवणे प्रात्यक्षिकात शिकवावे

महोदय,

कोल्हापुरात लिनक्सची प्रात्यक्षिके घेताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे दिसते आहे. विद्यार्थी विम या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, फाइल लिहितात, ती साठवून एडिटर बंद करतात, टर्मिनलवर कमांड देतात आणि चूक दिसली की पुन्हा एडिटर उघडून ती ओळ शोधत बसतात. वास्तविक उघडी फाइल न सोडता तिच्यावर शेलची (टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) कमांड चालवण्याची सोय विमच्या आधीच्या व्हीआय या एडिटरमध्येही होती आणि १९९१ साली आलेल्या विमने ती तशीच पुढे चालवली. कोलन, उद्गारचिन्ह आणि कमांड एवढे लिहून पुढे टक्क्याचे चिन्ह दिले, की त्या जागी चालू फाइलचे नाव आपोआप येते.

मात्र ही सोय अर्धवट सांगण्यात धोका आहे. उद्गारचिन्हानंतर आलेले टक्क्याचे चिन्ह म्हणजे फाइलचे नाव, तर त्याच्या आधी आलेले तेच चिन्ह म्हणजे फाइलमधील सगळ्या ओळी. पहिल्या प्रकारात कमांडला डिस्कवर साठवलेली फाइल मिळते, त्यामुळे आधी साठवले नसेल तर ताजे बदल तिला दिसतच नाहीत. दुसऱ्या प्रकारात सर्व मजकूर कमांडकडे जातो आणि तिचे उत्तर मूळ मजकुराच्या जागी येऊन बसते. माझा एक विद्यार्थी गावच्या दूध संस्थेच्या सभासदांची यादी या दुसऱ्या पद्धतीने अकारविल्हे लावत होता. ओळी क्रमाने लावणाऱ्या 'सॉर्ट' या कमांडचे स्पेलिंग चुकले, यादी नाहीशी झाली आणि तिथे शेलचा त्रुटिसंदेश तेवढा उरला. 'यू' हे एक अक्षर दाबताच यादी परत आली असती, पण हे त्याला कोणीच, मीही, सांगितले नव्हते. घाबरून त्याने फाइल साठवली आणि एडिटर बंद केला. दोन संध्याकाळी बसून त्याला ती यादी पुन्हा टंकावी लागली.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शेलचे लोकेल (भाषेनुसार क्रम वगैरे ठरवणारी सेटिंग) 'सी' असेल, तर सॉर्ट युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमाने चालते आणि त्या क्रमात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो. त्यामुळे 'काळे' हे आडनाव 'कावळे'च्या आधी लागते. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर असल्याने ते नंतर यायला हवे. यादी तयार झाली तरी ती डोळ्यांखालून घालावी लागते, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

माझी संगणकाच्या शिक्षकांना विनंती आहे, की एडिटरच्या पहिल्या दोन तासिकांतच उद्गारचिन्हाचे हे दोन्ही उपयोग आणि 'यू' एकत्र शिकवावेत, तेही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मराठी फाइलची प्रत काढून तिच्यावर. आपल्या शिक्षणविषयक पानावर यासाठी थोडी जागा मिळाल्यास मी आभारी राहीन.

आपला,
एक संगणक शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर