मुकुंदास, लाळेच्या नमुन्यांविषयी

प्रिय मुकुंदा,

उत्तराला उशीर झाला, रागावला असशील. तब्येत ठीक. तुझ्या अभ्यासाचा आराखडा वाचला आणि राहवेना.

तू दर आठवड्याला लाळेतली इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा ही दाहाची प्रथिनं (सायटोकाइन्स) मोजणार, आकडे चढले की रुग्णाचं तोंड येणार असं धरणार. पण डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये लाळ पहिल्याच आठवड्यात घटू लागते. पाणी आटलं की तेवढंच प्रथिन दाट दिसतं. आकडा दुप्पट येईल आणि दाह तसूभरही वाढलेला नसेल! म्हणून नुसते पिकोग्रॅम प्रति मिलि नकोत. त्याला लाळेच्या वेगाने गुण, म्हणजे मिनिटाला किती स्रवलं ते कळेल. रिकामी नळी तोल, ५ मिनिटं काही न चघळता साचलेली लाळ त्यात सोडायला सांग, पुन्हा तोल. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलि. वेग मिनिटाला ०.१ मिलिच्या खाली गेलेल्यांची नोंद वेगळी ठेव, त्यांचा नमुना चाचणीला पुरेलच असं नाही.

लाळ कापसाच्या सुरळीत टिपावी का, यावरून झालेलं भांडण मी अजून सोडलेलं नाही. कापूस काही प्रथिनं धरून ठेवतो, बस्स.

नमुना दर खेपेला सकाळी त्याच वेळी. आधी तासभर खाणं, ब्रश, गुळण्या बंद. नळी लगेच बर्फात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वरची निवळ लहान लहान भागांत उणे ८० अंशांवर. प्रत्येक भाग एकदाच वितळव. आणि लेबल छापील लाव रे, तुझं अक्षर केमिस्टलाही लागत नाही!

खरी काळजी पुढेच आहे. रोज २ ग्रे (रेडिएशनच्या डोसाचं एकक) दिले की तोंडात लाली साधारण दुसऱ्या आठवड्यात येते, व्रण तिसऱ्यात. व्रण दिसल्यावर वाढलेला आकडा हे भाकीत नव्हेच, ते टॉर्चनेही कळतं. शिवाय तेव्हा लाळेत रक्त उतरतं आणि रक्तातली सायटोकाइन्स मिसळतात. ट्रान्सफेरिन हे रक्तातलं प्रथिन मोजून असे नमुने बाजूला काढ. म्हणून पहिला नमुना पहिल्या फ्रॅक्शनच्या (रेडिएशनच्या रोजच्या हप्त्याच्या) आधी, पुढचे पहिल्या १० फ्रॅक्शन्समध्ये दाट घे. हिरड्या सुजलेल्या असतील तर इंटरल्यूकिन-१ बीटा मुळातच चढलेलं असतं, तेव्हा आधी दंततपासणी. शेवटी, तोंडाच्या अस्तराला मिळालेला डोस आणि सोबतचं सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध यांवरूनच जेवढं सांगता येतं, त्यापेक्षा लाळ जास्त काही सांगते का, हे तपासल्याशिवाय लिहू नकोस. रुग्णाचं खाणं बंद पडायच्या आत अन्न भरवायच्या नळीचा आणि वेदनाशामकांचा निर्णय व्हायला हवा, त्यासाठीच तर हा खटाटोप.

वहिनींची बदली झाली का? धाकटीला आशीर्वाद. सुधारलेला आराखडा लगेच पाठव.

तुझा,
सुधीर