फुग्यापेक्षा इलॅस्टिक बरे

महोदय,

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात विश्वाचे प्रसरण दाखवायचे म्हटले की फुगा ठरलेला. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, म्हणून पेनाने ठिपके काढायचे, फुंकायचे, ठिपके लांब गेले की झाले! पण फुग्याबरोबर ठिपकेही फुगतात, आणि दीर्घिकाच काय, आपणही ताणले जातोय असे मुलांना वाटते. शिवाय फुग्याला मध्य असतो, मग विश्वालाही असणार, ही समजूत पक्की होते.

त्यापेक्षा शिवणकामाचे मीटरभर इलॅस्टिक घ्यावे. दर १० सेंमीवर शर्टाचे बटण एकाच टाक्याने अडकवावे; बटण म्हणजे दीर्घिका. टाके जास्त पडले तर तेवढा भाग ताणत नाही आणि मापे चुकतात. टेबलावर टेप पसरून तिचा शून्य मधल्या बटणाशी ठेवावा. दोघांनी दोन्ही टोके सारखी ओढून मीटरचा दीड मीटर करावा. शेजारचे बटण १० वरून १५ वर जाते, त्यापलीकडचे २० वरून ३० वर, तिसरे ३० वरून ४५ वर. म्हणजे तेवढ्याच वेळात ५, १० आणि १५ सेंमी. जितके दूर, तितका वेग जास्त. खगोलशास्त्रज्ञ हबलचा नियम तो हाच. आता शून्य दुसऱ्या बटणाशी नेऊन पुन्हा मोजावे. आकडे तेच येतात, मग केंद्र कोणते म्हणायचे? एक टोक खिळ्याला मात्र अडकवू नये, मुले खिळ्यालाच केंद्र धरून बसतात.

बटणांमधल्या जागेत दोन-दोन सेंमीची नागमोडी लाट काढली, तर ती तीन-तीन सेंमीची होते. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशाच्या लाटाही अशाच लांबून तांबड्या रंगाकडे सरकतात, ताम्रसृती ती हीच. बटण मात्र होते तेवढेच राहते.

खऱ्या विश्वात हा वेग दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७० किमी आहे. नेमका ६७ की ७३, यावर मोजण्याच्या दोन पद्धतींचे अजून जमलेले नाही. हिशेब दूरच्या दीर्घिकांचा, हे विसरू नये. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, आणि ती सेकंदाला ११० किमीने उलट आपल्याकडेच येतेय. एवढ्या जवळ गुरुत्वाकर्षण वरचढ ठरते. हबलचा निबंध १९२९ चा, आपला सांगलीचा आयर्विन पूलही त्याच साली खुला झाला. प्रसरणाने पूल तसूभरही लांबलेला नाही.

इलॅस्टिकला दोन टोके आहेत, विश्वाला कडा सापडलेली नाही, एवढे मुलांना ओढण्याआधीच सांगून टाकावे.

– एक विज्ञानशिक्षक, विश्रामबाग, सांगली